संगणक-समूहाची उभारणी : पत्त्यांची अचूक नोंद आणि सुबोध पटल

कापसावरील पांढऱ्या माशीचे दोन नमुने सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी ठेवले, तरी अनुभवी कीटकशास्त्रज्ञालाही अनेकदा त्यांतील फरक सांगता येत नाही. ‘बेमिसिया टबासी’ या एकाच नावाखाली दिसायला सारख्या, परंतु जनुकीयदृष्ट्या भिन्न अशा अनेक प्रजाती दडलेल्या आहेत. विषाणुजन्य रोग पसरविण्याची क्षमता आणि कीटकनाशकांना होणारा प्रतिकार या दोन्ही बाबी प्रत्येक प्रजातीत वेगळ्या असू शकतात. हा फरक डोळ्यांनी नव्हे, तर डीएनएच्या अक्षरांतून वाचावा लागतो. केवळ ओळख पटविण्यासाठी वापरला जाणारा ६५८ अक्षरांचा डीएनए तुकडा साध्या लॅपटॉपवरही तपासता येतो. मात्र प्रतिकार नेमका कोणत्या जनुकामुळे निर्माण झाला, हे शोधायचे असेल तर किडीचा संपूर्ण जनुकसंच हाताळावा लागतो.

या जनुकसंचांचा आकार लक्षात घेतला म्हणजे कामाचा आवाका कळतो. हरभऱ्यावरील घाटे अळीचा जनुकसंच सुमारे ३४ कोटी अक्षरांचा, भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा सुमारे ११४ कोटी अक्षरांचा, तर वाळवंटी टोळाचा सुमारे ८६० कोटी अक्षरांचा आहे. टोळाचा जनुकसंच मानवाच्या जनुकसंचाच्या जवळपास पावणेतीन पट भरतो. प्रयोगशाळेतील यंत्र ही अक्षरे सलग वाचून देत नाही. ती लाखो-कोट्यवधी लहान तुकड्यांच्या स्वरूपात हाती येतात. त्यांची जुळवणी करण्याचे काम एका संगणकाला पेलत नाही. त्यासाठी अनेक संगणक एकत्र जोडून तयार केलेला समूह, म्हणजेच ‘क्लस्टर’, वापरला जातो.

अशा समूहाची उभारणी ज्या साधनाने केली जाते, ते साधन वापरण्यास किती सोपे आहे आणि प्रत्येक संगणकाचा पत्ता ते किती अचूकपणे सांभाळते, यावर पुढील सर्व संशोधनाची विश्वासार्हता अवलंबून असते. वरकरणी हा विषय संगणक अभियंत्यांचा वाटतो. परंतु त्यामागील तत्त्व शेतीतील प्रत्येक नोंदीला लागू पडणारे आहे.

क्लस्टर म्हणजे काय?

क्लस्टरमध्ये एक मुख्य संगणक असतो आणि त्याच्या हाताखाली अनेक कामकरी संगणक असतात. या कामकरी संगणकांना ‘नोड’ असे म्हणतात. मोठे काम लहान भागांत वाटून देणे, प्रत्येक भागाचे उत्तर गोळा करणे आणि ती उत्तरे एकत्र जोडणे हे मुख्य संगणकाचे कार्य होय. एक एकर भाताची लावणी एका मजुराऐवजी सोळा मजुरांनी मिळून करावी, तसाच हा प्रकार आहे.

सर्वसाधारण बाजारात मिळणाऱ्या संगणकांपासून असा समूह उभारता येतो, हे १९९४ मध्ये अमेरिकेतील ‘नासा’च्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी ‘बेओवुल्फ’ या १६ संगणकांच्या समूहाद्वारे दाखवून दिले. भारतीय कृषी संशोधनात या तंत्राचे ठळक उदाहरण म्हणजे नवी दिल्ली येथील भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेतील ‘अशोका’ ही महासंगणन सुविधा होय. ती २०१४ मध्ये कार्यान्वित झाली आणि तिच्या मुख्य लिनक्स समूहात २५६ नोड होते. पीक, पशू, मत्स्य, सूक्ष्मजीव आणि कीटक या पाच क्षेत्रांतील राष्ट्रीय ब्युरो या जाळ्याशी जोडले गेले. कीटकांचे काम बेंगळूरु येथील राष्ट्रीय कृषी कीटक संपदा ब्युरोकडे आहे.

उभारणीचे साधन कोणते काम करते?

सोळा नोडवर एकेक करून कार्यप्रणाली बसविणे, प्रत्येकाला नाव देणे, वापरकर्त्यांची खाती उघडणे आणि सर्वांवर एकाच आवृत्तीची आज्ञावली ठेवणे हे कंटाळवाणे तर आहेच. शिवाय त्यात चूक होण्याची शक्यता फार मोठी आहे. २५६ नोडच्या बाबतीत तर ते हाताने करणे व्यवहार्यच नाही. म्हणून क्लस्टर उभारणीची खास साधने विकसित झाली. २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले ‘ऑस्कर’ हे मुक्त साधन त्यांपैकी एक. ‘रॉक्स’, ‘एक्सकॅट’ आणि ‘वेअरवुल्फ’ ही याच कुळातील इतर नावे होत. ऑस्कर आज मागे पडले असले, तरी उभारणीची पायरीवार पद्धत समजून घेण्यासाठी ते उत्तम उदाहरण आहे.

ऑस्करमध्ये मुख्य संगणकाच्या पडद्यावर एक मार्गदर्शक खिडकी उघडते. प्रथम कोणती आज्ञावली हवी ते निवडायचे, मग नोडवर बसवायची नमुना-प्रत तयार करायची, त्यानंतर नोडची संख्या, नावे आणि पत्ते ठरवायचे, पुढे नेटवर्कची जोडणी करायची, नोड सुरू करायचे आणि शेवटी चाचणी घ्यायची, असा क्रम असतो. यांतील बहुतेक पायऱ्या साधन स्वतःहून पार पाडते. माणसाच्या हातून चूक होण्याचा खरा धोका नावे, पत्ते आणि नेटवर्क यांच्या पायऱ्यांवर असतो.

कानातील बिल्ला आणि दावणीतील जागा

नेटवर्कवरील प्रत्येक संगणकाला दोन प्रकारची ओळख असते. पहिली ‘मॅक पत्ता’ ही होय. नेटवर्क कार्ड तयार करतानाच कारखान्यात तो त्यावर नोंदविला जातो. तो १२ चिन्हांचा असतो. त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही इंग्रजी अक्षरे येतात. त्यांपैकी पहिली सहा चिन्हे सामान्यतः उत्पादक दर्शवितात. जनावराच्या कानात मारलेल्या १२ अंकी बिल्ल्याशी याचे साम्य आहे. जनावर कोणत्याही गोठ्यात गेले, तरी बिल्ला त्याच्याबरोबर जातो.

दुसरी ओळख म्हणजे ‘आयपी पत्ता’. ही दावणीतील जागा समजावी. १९२.१६८.१.७ हा पत्ता म्हणजे जणू एका विशिष्ट गोठ्यातील सातवी जागा. जनावर बदलले तरी जागेचा क्रमांक तोच राहतो. कोणता बिल्ला कोणत्या जागी बांधायचा याची वही मुख्य संगणकाकडे असते. कोरा नोड सुरू होताच त्याचे नेटवर्क कार्ड सर्वांना ऐकू जाईल असा पुकारा करते : ‘माझा मॅक पत्ता हा, माझी जागा कोणती?’ मुख्य संगणकावरील ‘डीएचसीपी’ ही सेवा वही पाहून त्याला आयपी पत्ता देते आणि कार्यप्रणाली कोठून घ्यायची तेही सांगते. ही वही बिनचूक असेल तर समूह आपोआप उभा राहतो. तीत एक ओळ चुकली तर गोंधळ तेथूनच सुरू होतो.

पत्ते देताना होणाऱ्या चुका

पहिली चूक क्रमाची. काही साधने नोडचे पुकारे ज्या क्रमाने ऐकू येतील त्याच क्रमाने त्यांना नावे देतात. म्हणून नोड एकामागून एक, ठरलेल्या क्रमानेच सुरू करावे लागतात. घाईने सर्वांचे बटण एकदम दाबले, तर मांडणीतील तिसऱ्या यंत्राला सातवे नाव आणि सातव्याला तिसरे नाव मिळू शकते. समूह तरीही चालतो, त्यामुळे ही चूक लगेच उघडकीस येत नाही. पुढे कधीतरी ‘सातवा नोड नादुरुस्त’ असा संदेश येतो, तंत्रज्ञ सातव्या खणातील यंत्र बंद करतो आणि त्या यंत्रावर तीन दिवसांपासून चाललेली जुळवणी वाया जाते. नादुरुस्त यंत्र मात्र तिसऱ्या खणात तसेच सुरू राहते.

दुसरी चूक लेखनाची. मॅक पत्ता हाताने टिपताना शून्याऐवजी ‘ओ’, आठऐवजी ‘बी’ लिहिले जाते. कोणी चिन्हांच्या जोड्यांमध्ये अपूर्णविराम देतो, कोणी आडवी रेघ देतो. कोणी मोठी लिपी वापरतो, कोणी लहान. साधन याकडे केवळ मजकूर म्हणून पाहत असेल, तर एकच पत्ता दोन वेगवेगळ्या रूपांत दोनदा नोंदला जाऊ शकतो.

तिसरी चूक हिशेबाची. २५५.२५५.२५५.० हा प्रचलित सबनेट मास्क वापरला, तर एका जाळ्यात वापरण्याजोगे २५४ पत्तेच मिळतात. पहिला पत्ता जाळ्याच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम संदेश देण्यासाठी राखीव असतो. आता १६ नोडसाठी सुरुवातीचा पत्ता १९२.१६८.१.२५० असा दिला, तर २५० ते २५४ असे पाचच नोड बसतात. सहाव्याला राखीव पत्ता मिळतो आणि सातव्याला २५६ हा अस्तित्वातच नसलेला क्रमांक. त्याचप्रमाणे २५६ नोडचा समूह अशा एका जाळ्यात मावणारच नाही; त्यासाठी २५५.२५५.२५४.० यासारखा मोठा मास्क घ्यावा लागेल, ज्यात ५१० पत्ते मिळतात.

चौथी चूक आतल्या आणि बाहेरच्या जाळ्यांच्या सरमिसळीची. मुख्य संगणकाला सहसा दोन नेटवर्क कार्डे असतात. एक संस्थेच्या जाळ्याकडे, दुसरे नोडकडे. दोन्हीकडे १९२.१६८.१ ने सुरू होणारेच पत्ते असतील, तर कोणता संदेश कोणत्या दाराने पाठवायचा हे मुख्य संगणकाला ठरविता येत नाही. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे डीएचसीपी सेवा बाहेरच्या कार्डावर सुरू होणे. तसे झाल्यास लेखाशाखेतील किंवा ग्रंथालयातील संगणकांनाही क्लस्टरचे पत्ते मिळू लागतात आणि संस्थेचे दैनंदिन कामकाज ठप्प होते.

अपूर्ण उत्तराचा धोका

या चुकांचे परिणाम केवळ तांत्रिक गैरसोयीपुरते राहत नाहीत. समजा, एका किडीच्या जनुकांची तुलना ज्ञात जनुकांशी करण्याचे काम १६ नोडवर वाटून दिले आहे. दोन नोडना चुकून एकच आयपी पत्ता मिळाला, तर त्यांचा संपर्क कधी जुळतो, कधी तुटतो. त्यातील एका भागाचे उत्तर परत आलेच नाही आणि ते तपासण्याची सोय आज्ञावलीत नसेल, तर उरलेल्या १५ भागांची उत्तरे जोडून यादी तयार होते. ती यादी चुकीची दिसत नाही. ती फक्त अपूर्ण असते. कीटकनाशकाचे विघटन करणारे जनुक नेमके गहाळ झालेल्या भागात असेल, तर ‘असे जनुक आढळले नाही’ असा निष्कर्ष निघू शकतो. त्यावर आधारलेली फवारणीची शिफारस पुढे विस्तार यंत्रणेमार्फत शेतापर्यंत पोहोचते. स्पष्ट चूक दाखवून थांबणारे यंत्र परवडते. परंतु न सांगता अर्धवट उत्तर देणारे यंत्र परवडत नाही.

पत्ता हा मजकूर नसून संख्या आहे

पत्त्यांच्या हाताळणीत करावयाची पहिली सुधारणा मूलभूत आहे. आयपी पत्ता टिंबांनी विभागलेल्या चार आकड्यांत लिहिला जातो, तो केवळ माणसाच्या सोयीसाठी. प्रत्यक्षात तो ३२ द्विमान अंकांची एकच संख्या आहे. साधनाने तो संख्या म्हणूनच साठविला, तर १९२.१६८.१.२५५ नंतर १९२.१६८.२.० येतो हे हातचा धरून केलेल्या साध्या बेरजेने कळते. मजकूर म्हणून शेवटचा आकडा वाढवीत गेल्यास २५६ ची चूक अटळ असते. यादीचा क्रमही मजकुराच्या पद्धतीने लावला, तर दहावा नोड दुसऱ्याच्या आधी येतो. संख्येच्या पद्धतीने तो आपल्या जागी बसतो. १२८ द्विमान अंकांच्या नव्या आयपी पद्धतीकडे जातानाही हाच पाया उपयोगी पडतो.

दुसरी सुधारणा म्हणजे नोंद स्वीकारण्यापूर्वी तपासणी. सुरुवातीचा पत्ता, नोडची संख्या आणि मास्क हे तीन तपशील मिळताच साधनाने पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतः शोधावीत : शेवटचा पत्ता याच जाळ्यात बसतो काय? मुख्य संगणकाचा स्वतःचा पत्ता या मालिकेत येत नाही ना? बाहेरच्या जाळ्याशी टक्कर होत नाही ना? कोणताही मॅक पत्ता दोनदा आलेला नाही ना? मॅक पत्ता कोणत्याही रूपात लिहिला, तरी साधनाने तो एकाच प्रमाण रूपात आणून मगच ताडून पाहावा.

पटल कसे असावे?

पटलाची सुधारणा म्हणजे रंगरंगोटी नव्हे. लहान संशोधन केंद्रात पूर्णवेळ संगणकतज्ज्ञ असतोच असे नाही. तेथे समूहाची देखभाल एखादा संशोधन सहायक किंवा स्वतः कीटकशास्त्रज्ञ करतो. त्याला वर्षातून एखाद्या वेळीच या साधनाला हात लावावा लागतो. अशा वापरकर्त्याला सर्व काही लक्षात ठेवावे लागू नये, ही पटलाची खरी कसोटी होय.

त्यासाठी पहिली गरज म्हणजे नोंद पक्की करण्यापूर्वी संपूर्ण तक्ता दाखविणे. नोडचे नाव, खणाचा क्रमांक, मॅक पत्ता आणि आयपी पत्ता एका ओळीत दिसले, तर विसंगती चटकन डोळ्यांत भरते. दुसरी गरज पायऱ्यांच्या शिस्तीची. आधीची पायरी यशस्वी झाल्याशिवाय पुढचे बटण उपलब्ध होऊ नये. वीज गेल्यास किंवा काम अर्ध्यावर थांबल्यास तेथूनच पुढे सुरू करता यावे. महत्त्वाच्या मशागतीची खात्री न करता पेरणी करू नये, असाच हा संकेत आहे.

तिसरी गरज संदेशांच्या भाषेची. ‘त्रुटी : क्रिया अयशस्वी’ एवढ्याने वापरकर्त्याला काहीही कळत नाही. त्याऐवजी ‘सहाव्या नोडला दिलेला १९२.१६८.१.२५५ हा पत्ता राखीव आहे. सुरुवातीचा पत्ता २३९ किंवा त्याहून कमी ठेवा’ असा संदेश मिळाल्यास दुरुस्ती क्षणात होते. काय चुकले, कोठे चुकले आणि आता काय करावे, या तिन्ही गोष्टी संदेशात असाव्यात. संदेशांचा मजकूर मूळ आज्ञावलीपासून वेगळा ठेवल्यास त्याचे भारतीय भाषांत रूपांतर करणेही सुकर होते. स्थिती दाखविताना केवळ लाल-हिरव्या रंगांवर विसंबू नये; रंगांधळेपणा असलेल्यांसाठी शब्दही द्यावेत.

कार्ड बदलल्यास काय करावे?

नोडचे नेटवर्क कार्ड किंवा मदरबोर्ड जळाल्यास नवा भाग बसवावा लागतो आणि त्याबरोबर मॅक पत्ताही बदलतो. बिल्ला बदलला की वहीच्या दृष्टीने ते जनावर परके ठरते. साधनाने अशा यंत्राला सतरावा नोड समजून नवा पत्ता दिला, तर सातवी जागा कागदोपत्री भरलेली, पण प्रत्यक्षात रिकामी राहते. म्हणून ‘जुन्याच्या जागी नवा’ अशी स्वतंत्र सोय हवी. रॉक्समध्ये ठरावीक नोडची जागा नव्या यंत्राला देण्याची आज्ञा आहे.

एक्सकॅटमध्ये वेगळी वाट उपलब्ध आहे. नोड ज्या स्विचला जोडलेला असतो, त्या स्विचच्या छिद्राचा क्रमांक आधीच नोंदवून ठेवता येतो. पुकारा कोणत्या छिद्रातून आला हे स्विचला विचारून साधन नोड ओळखते. येथे बिल्ल्यापेक्षा जागेला महत्त्व दिले जाते. यामुळे नोड कोणत्याही क्रमाने सुरू केले तरी नावे अदलाबदल होत नाहीत. मात्र त्यासाठी स्विच अशी माहिती देणारा असावा लागतो आणि तारा ठरलेल्या छिद्रांतच जोडलेल्या असाव्या लागतात.

विस्तार कार्याशी असलेला संबंध

क्लस्टरपासून दूर, बांधावर काम करणाऱ्या विस्तार कार्यकर्त्यालाही हाच प्रश्न भेडसावतो. महाराष्ट्रात २००९-१० पासून सुरू असलेला ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प असो किंवा २०२४ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली असो, मोबाइलवरून आलेली प्रत्येक नोंद गाव, शेत आणि तारीख या ओळखीला बांधलेली असते. एका गावाची नोंद दुसऱ्या गावाच्या नावावर गेली, तर आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडलेल्या गावाला सल्ला मिळत नाही आणि जेथे गरज नाही तेथे फवारणी होते. प्रयोगशाळेला पाठविलेल्या किडीच्या कुपीवरील चिठ्ठी चुकली, तर २५६ नोडचा समूहही ती चूक दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून कोणतेही नवे ॲप किंवा साधन वापरताना ‘हे किती वेगवान आहे’ याबरोबरच ‘हे माझी चूक नोंदीच्या वेळीच दाखवते काय’ हा प्रश्न विचारला पाहिजे. विस्तार कार्यकर्ते आणि प्रगतिशील शेतकरी यांनी अशा उणिवा संबंधित यंत्रणेला लेखी कळविल्यास साधन सुधारण्यास मोठी मदत होते. ते साधन रोज हाताळणाऱ्यालाच त्याच्या उणिवा सर्वांत आधी दिसतात.

संशोधन केंद्रांसाठी ठळक बाबी

१. समूह उभारण्यापूर्वी नोडची आजची व संभाव्य संख्या विचारात घेऊन सबनेट मास्क निवडावा.

२. संस्थेच्या जाळ्यातील पत्त्यांची मालिका आधी विचारून घ्यावी आणि आतील जाळ्यासाठी वेगळी मालिका ठेवावी.

३. डीएचसीपी सेवा केवळ आतील नेटवर्क कार्डावरच सुरू आहे, याची खात्री करावी.

४. प्रत्येक यंत्रावर नोडचे नाव व मॅक पत्ता लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी; यंत्र बंद करण्यापूर्वी ती पडद्यावरील तक्त्याशी ताडून पाहावी.

५. मॅक पत्ते शक्यतो हाताने लिहू नयेत. ते साधनाला गोळा करू द्यावेत किंवा फाइलमधून आणावेत.

६. पत्त्यांच्या वहीची एक प्रत साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आणि एक छापील प्रत जपून ठेवावी. कर्मचाऱ्याची बदली झाली तरी ही वही केंद्रातच राहिली पाहिजे.

७. कामाचे जेवढे भाग वाटले तेवढ्याच भागांची उत्तरे परत आली काय, हे मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.